झाकणाच्या आतल्या सहा ओळी

प्रिय प्लंबरदादा,

फोन केला असता तर ‘त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही विषयच संपवला असता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं.

नवा कमोड बसला, फ्लश चालतो, गळत नाही. ते काम झालं, त्याचे पैसे तुम्ही घेतलेत. आभार मानायचेत ते त्यानंतरच्या पाच मिनिटांचे. निघताना तुम्ही टाकीचं झाकण उलटं केलंत, फडक्यानं कोरडं पुसलंत आणि काळ्या मार्करनं आतल्या बाजूला लिहिलंत:

भिंत ते मध्य २२०
पाणी खुणेपर्यंतच
मोठा ५.८, छोटा ३.१
वॉशर ६३, भोक ३२
कॉक उजवीकडे फिरवून बंद
गोळी टाकू नये

खाली तारीख घातलीत. शाई वाळेपर्यंत झाकण जागेवर ठेवलं नाहीत.

यातली एकेक ओळ म्हणजे आधी येऊन गेलेल्या प्लंबरांना दिलेलं उत्तर आहे. तुम्ही त्यांच्याबद्दल एक शब्द काढला नाहीत, तेव्हा ते काम आता आम्हीच करतो.

पहिल्यानं जुन्या टाकीत वीट ठेवली होती. पाणी वाचवायचा सोपा उपाय म्हणे. विटेचा चुरा पाण्यात उतरतो आणि टाकीच्या तळाशी पाणी अडवणाऱ्या झडपेच्या रबराखाली जाऊन बसतो, हे एक. दुसरं त्याहून वाईट. तो जुना कमोड सायफनवर चालणारा होता. त्याची मागची वळणदार वाट पाण्यानं एकदम, पूर्ण भरली तरच ओढ लागते. १२ लिटरसाठी घडवलेल्या भांड्यात १० लिटर सोडले की पाणी गोल फिरतं, वर चढतं आणि घाण तिथेच ठेवून खाली बसतं. मग दुसरा फ्लश. पाणी वाचवायला गेलं की १२ च्या जागी २० जातात! त्यावर ‘कमी पाण्याच्या फ्लशला दोनदा दाबावंच लागतं’ हेही ऐकवण्यात आलं. तुम्ही एका वाक्यात निकाल लावलात: भांडं आणि टाकी ही जोडी आहे, एकाचं पाणी कमी करायचं तर दुसरंही बदलायचं. नव्या भांड्याची वाट आखूड आणि रुंद आहे. ओढ लागायची वाट न बघता पाणी सरळ ढकलतं, म्हणून ६ लिटरमध्ये काम होतं.

दुसऱ्यानं नव्या कमोडसाठी माप घेतलं ते फरशीलगतच्या पट्टीपासून. माप घ्यायचं ते टाइल लावलेल्या भिंतीपासून, जमिनीतल्या पाइपच्या मध्यापर्यंत. पट्टीची जाडी सुटली, पाइपच्या कडेपर्यंतच टेप धरली, की पाच-सहा सेंटिमीटर सहज हुकतात. कमोड ३०० मिलिमीटरचा आणला आणि पाइप २२० वर असला तर तो बसतच नाही, मागची भिंत आडवी येते. उलट झालं तर मागे ८० मिलिमीटरची फट राहते. मधला मार्ग म्हणून वाकडा कनेक्टर घालतात. १२ लिटरच्या लोंढ्यात ते खपून जायचं. ६ लिटरला तेवढा जोर नसतो, त्या वाकणात कागद अडकतो. शक्य असेल तिथे सरळच जोड हवा. म्हणून पहिली ओळ ‘भिंत ते मध्य’ अशी आहे, नुसतं ‘२२०’ असं नाही. पुढच्या माणसाला कुठून कुठपर्यंत हे विचारावं लागू नये, एवढा विचार तुम्ही केलात.

तिसऱ्यानं चारी बाजूंनी व्हाइट सिमेंट लिंपलं होतं. दिसायला झकास. खालचा जोड गळत होता तरी पाणी बाहेर दिसायला जागाच नव्हती, आत फरशीखाली मुरत राहिलं. तुम्ही सिलिकॉन लावलंत आणि मागे बोटभर जागा मुद्दाम मोकळी सोडलीत. गळलं तर तिथून दिसेल. बोल्टही आलटून पालटून अर्धा-अर्धा आटा घट्ट केलेत आणि हाताला रेटा लागताच थांबलात. कमोड डुगडुगत असेल तर आधी खाली पाचर द्यायची, बोल्ट आवळून डुगडुग घालवायची नाही. चिनी माती वाकत नाही, तडकते.

आता ते ५.८ आणि ३.१ लिटर. खोक्यावर ६ आणि ३ छापलेलं होतं, तेच लिहून मोकळं होता आलं असतं. तुम्ही टाकीला पाणी देणारा कॉक बंद केलात, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीनं रेघ मारलीत, मोठा फ्लश केलात आणि लिटरच्या मापानं रेघेपर्यंत पाणी परत ओतलंत. छोट्याचंही तसंच. टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता फ्लोट किती उंचीवर आहे यावर खरा आकडा ठरतो, खोक्यावर नाही. ती रेघ ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी भांड्यात सोडणाऱ्या नळीच्या तोंडापासून साधारण २५ मिलिमीटर खाली आहे. फ्लोट वर सरकला तर पाणी त्या नळीतून गुपचूप भांड्यात जात राहतं, आवाजही फारसा येत नाही.

चौघांच्या घरात माणशी दिवसाला एक मोठा आणि चार छोटे फ्लश धरले तर तुमच्या आकड्यांनी ७३ लिटरच्या आसपास होतात. जुन्या १२ लिटरनं तेच २४० व्हायचे. पण झडपेतून दर पाच मिनिटांना २०० मिलिलिटरचा एक पेला गळला तरी दिवसाला सुमारे ५८ लिटर जातात, म्हणजे बचतीचा तिसरा हिस्सा. म्हणून तुम्ही टाकीत खाण्याचा रंग टाकून १५ मिनिटं फ्लश न करता बसलात. भांड्यातलं पाणी रंगलं तर झडप गळते. पहिल्यांदा रंगलं! वॉशर नवा कोरा होता, मग तुम्ही नुसतं झाकण उचललंत आणि गळती थांबली. बटणाच्या दांड्या लांब होत्या, झाकण बसलं की झडपेला सतत दाबून धरत होत्या. दोन-तीन आटे आत घेतल्यात, पुन्हा रंग, पुन्हा १५ मिनिटं. आधीच्यांपैकी कुणी असता तर वॉशर बदलून, पैसे लावून गेला असता. मग तोही गळला असता.

वॉशरचं माप लिहिलंत तेही बरं झालं. सगळे सारखेच दिसतात आणि दोन मिलिमीटरनं चुकतात. शेवटची ओळ वाचून आधी हसू आलं. पण टाकीत टाकायच्या गोळीतलं क्लोरीन रबर कडक करतं, आणि कडक रबर झडपेवर नीट टेकत नाही. तेव्हा ती ओळ खरं तर पहिली हवी होती.

दादा, झाकणाच्या आत कोण बघतं? कुणीच नाही. बघेल तो एखाद्या रात्री पाणी थांबत नाही म्हणून वैतागलेला माणूस, नाहीतर तुमच्यानंतर येणारा दुसरा कुणी कारागीर, ज्याचं नावही तुम्हाला ठाऊक नाही. त्याला घाईत कॉक डावीकडे फिरवायला लागू नये म्हणून तुम्ही ‘उजवीकडे’ लिहून ठेवलंत. असं कुणी आपल्यासाठीही कुठेतरी लिहून ठेवलेलं असावं, असं फार वाटतं.

तारखेखाली तुम्ही चार बोटं जागा कोरी सोडली आहे. सहा महिन्यांनी रंग टाकून पाहू आणि तिथे दुसरी तारीख घालू. मार्कर तुम्ही खिडकीत ठेवून गेलात. विसरून की मुद्दाम, ते विचारत नाही.

आपले,
त्या घरातले चौघं