ताई, ताप उतरला त्या दिवशी तुम्ही आलात

आशाताईंस,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण तुमच्याशी भांडलोही चारचौघांतच होतो.

अमळनेर तालुक्यातलं आपलं गाव, नळाला पाणी आठ दिवसांनी. त्यात कानबाई देवीचा सण, रोटांना सगळी भाऊबंदकी येणार, म्हणून हौद, रांजण, पिंप, सगळं काठोकाठ भरलेलं. गावच्या आशा सेविका म्हणून तुम्ही घर तपासायला आलात आणि हौदात बॅटरी मारून वळवळणाऱ्या डासाच्या अळ्या दाखवल्यात. मी म्हणालो, "पाणी ओतून द्यायचं, मग टँकर तुम्ही आणणार का?" तुम्ही उलट बोलला नाहीत. फडक्यातून पाणी गाळून घ्यायला लावलंत, अळ्या उन्हात मातीवर झटकल्यात. मग हौदाच्या भिंती घासायला लावल्या. डेंग्यूच्या डासाची अंडी काठाला चिकटतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात आणि पाणी लागलं की आठ-दहा दिवसांत डास होतो, हे मला पन्नाशीत कळलं. कूलरचंही विचारलंत. मी म्हणालो, कोरडा आहे. घराच्या धाब्यावर, छतावर जाऊन बघितलं कोणी होतं!

पोळ्याच्या आधी पोराला ताप भरला. डोळ्यांमागे ठणका, अंग मोडून आलेलं. आणलेली दुखण्याची गोळी तुम्ही बाजूला ठेवलीत: पॅरासिटामॉलच द्या, बाकीच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तपासणीत डेंग्यू निघाला.

पाचव्या दिवशी ताप उतरला. घरात वरण-बट्टीचा बेत झाला. तेवढ्यात तुम्ही दारात. "ताप उतरना म्हनी निवांत बसू नका, भाऊ." पोट दुखतं का, उलट्या होतात का, हिरड्यांतून रक्त येतं का, लघवीला कधी गेला, एकेक विचारत गेलात. पोट सकाळपासून दुखत होतं. आम्ही म्हणत होतो, उपाशी आहे म्हणून. तासाभरात तुम्ही त्याला गाडीत बसवलंत. डॉक्टर म्हणाले, ताप उतरतानाच रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतं, दाब एकदम पडू शकतो, वेळेवर आणलंत. मोजून मापून सलाईन दिलं. तीन दिवसांनी पोरगा घरी आला.

कूलर खाली उतरवला. तळाशी चार बोटं पावसाचं पाणी होतं, आणि त्यात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. आता दर शनिवारी पिंप घासून उन्हात पालथं घालतो, हौदाच्या तोंडावर जुनं धोतर ताणून बांधलंय.

आणि ते टँकरचं. तुमच्याही नळाला आठव्या दिवशीच पाणी येतं, हे मला तेव्हाही माहीत होतं, ताई.

तुमचा,
वरच्या गल्लीतला भाऊ