लघवीची नळी आणि महिन्याला अँटिबायोटिक

महोदय,

रविवारच्या आरोग्य पानावरचा लघवीच्या नळीविषयीचा, म्हणजे मूत्राशयात घालून ठेवलेल्या कॅथेटरविषयीचा, लेख वाचला. ‘संसर्ग टाळण्यासाठी दरमहा पाच दिवस अँटिबायोटिक घ्यावे’ हे वाक्य चौकटीत छापण्याआधी कुणा जाणकाराला दाखवायला हवे होते.

नळी महिनाभर आत राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतातच. ताप, हुडहुडी, कुशीत दुखणे, अचानक बरळणे यांपैकी काही नसेल तर त्या जंतूंवर औषध देत नाहीत. दिले तर औषधाला न जुमानणारे जंतू उरतात आणि खरा ताप येतो तेव्हा गोळी चालत नाही. लघवी गढूळ दिसली किंवा वास आला, एवढ्यावरून कल्चर (जंतू ओळखण्याची तपासणी) करू नये. ताप आलाच आणि नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल, तर आधी ती बदलून नव्या नळीतून नमुना घ्यावा. नळीला जोडलेल्या पिशवीतली लघवी कल्चरला कधीच देऊ नये.

पिशवी कुठे टांगावी, यावर मात्र लेखात एक ओळ नाही! खानापूर-निपाणीकडून बेळगावला तपासणीला येणारे पेशंट लाजेपोटी ती शालीखाली मांडीवर घेऊन बसमध्ये बसतात. स्ट्रेचरवर तर ती थेट पोटावर ठेवली जाते. अशा वेळी पिशवीला झडप असली तरी नळीतली लघवी उलटी मूत्राशयात जाते. पिशवी कायम ओटीपोटाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. निघण्याआधी ती रिकामी करावी; प्रवासात पोटरीला बांधायची छोटी पिशवी लुंगीखाली किंवा साडीखाली दिसतही नाही. एरवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करावी. आधी आणि नंतर हात धुवावेत, तोटी भांड्याला लागू देऊ नये. नळी आणि पिशवीचा जोड उगाच सोडू नये. जंतू तिथूनच शिरतात. नळीभोवतीची जागा रोज साध्या साबण-पाण्याने धुतली की पुरे, डेटॉल नको. पुरुषांनी मागे घेतलेली कातडी पुन्हा पुढे आणावी, नाहीतर सूज येऊन ती अडकते.

नळीच्या बाजूने लघवी झिरपली की जाड नळी घालायची घाई होते. आधी पीळ पडला आहे का, पोट साफ होते का, हे बघावे. काही जंतू लघवी अल्कधर्मी करतात, मग क्षार साचून नळी बुजते. लघवी थांबून ओटीपोट ताणले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. घरी नळी ओढू नये, आत तिला धरून ठेवणारा फुगा असतो. तो फुगवायला डिस्टिल्ड वॉटरच वापरतात, बहुधा दहा मिली. सलाइनचे क्षार वाट बुजवतात आणि काढायच्या वेळी फुगा रिकामा होत नाही.

आणखी एक. कितीतरी डिस्चार्ज कार्डांवर नळी कधी घातली आणि कोणत्या प्रकारची, हेच नसते. साधी लॅटेक्सची लवकर बदलावी लागते, पूर्ण सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत चालते. तारीखच नाही तर घरच्यांनी बदलायची कधी? सूचनांचा कागद कन्नड किंवा इंग्रजीत. खानापूर तालुक्यातल्या मराठी म्हातारीने तो कुणाकडून वाचून घ्यायचा? कन्नडसोबत चार ओळी मराठीत छापायला अडचण कसली?

अँटिबायोटिकविषयीची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळक चौकटीत छापावी, ही विनंती. लेख कापून ठेवणारे पुष्कळ असतील.

— एक परिचारिका, खानापूर