मोनिकाचं मागणं

नगर,
१६ नोव्हेंबर

प्रिय जोसेफ,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझा प्रश्न गेले चौदा दिवस डोक्यातून जात नाही. २ तारखेला संध्याकाळी वसईच्या कबरस्थानात आपण तुझ्या आईच्या कबरीपाशी उभे होतो. वाऱ्याने मेणबत्ती विझू नये म्हणून तू ओंजळ धरली होतीस. तुमचे कॅथलिक फादर पुढे आले, पाणी शिंपडलं, आणि सगळे आईच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून प्रार्थना म्हणू लागले. मी प्रोटेस्टंट, आमच्यात ही प्रार्थना नाही, म्हणून मान खाली घालून गप्प उभा राहिलो. तुझ्या ते लक्षात आलं होतं. परत येताना रस्त्यात तू शांतपणे विचारलंस, "तुमचे सोळाव्या शतकातले धर्मसुधारक पहिल्या मंडळीकडे, म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांकडे, परत चाललो म्हणत होते ना? पहिली मंडळी तर आपल्या मृतांसाठी प्रार्थना करायची. मग तू का नाही केलीस?"

मला उत्तर देता आलं नाही. होस्टेलच्या वर्षांत आई मला तुझ्याबरोबरच ताट वाढायची, माझ्या परीक्षेच्या वेळी रोझरीत माझंही नाव घ्यायची. तिने माझ्यासाठी एवढं मागितलं आणि तिच्यासाठी मागायची वेळ आली तेव्हा माझे ओठ मिटलेले. ते मला सलत राहिलं. म्हणून इथे आल्यावर पुस्तकं काढून बसलो. जे सापडलं ते सगळं तुला लिहितो, माझ्या बाजूला अडचणीचं असलं तरी.

सुरुवात ऑगस्टीनच्या, पहिल्या शतकांतल्या त्या थोर बिशप-लेखकाच्या, आईपासूनच करतो. इ.स. ३८७ मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात मोनिका तापाने आजारी पडली. आफ्रिकेत आपल्या गावी, नवऱ्याच्या शेजारी पुरलं जावं ही तिची आयुष्यभराची इच्छा. शेवटी मात्र ती मुलांना म्हणाली, हे शरीर कुठेही ठेवा, त्याची काळजी करू नका. एवढंच मागते, तुम्ही जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. छप्पन्न वर्षांची होती ती, ऑगस्टीन तेहतीस वर्षांचा. दफनाआधी तिचा देह कबरीशेजारी ठेवून तिच्यासाठी ख्रिस्तयज्ञाचं अर्पण झालं, तशी तिथली रीतच होती, असं तो सहज लिहून जातो. पुढे आपलं पुस्तक वाचणाऱ्या प्रत्येकाला तो विनवतो की वेदीपाशी माझ्या आईची आणि वडिलांची आठवण करा.

हे वाचून मी आमच्या धर्मसुधारकांपैकी कॅल्विनकडे वळलो. मला वाटलं होतं, त्याने हा उतारा टाळला असेल. त्याने टाळलेला नाही. मृतांसाठी प्रार्थना करण्याची चाल तेराशे वर्षांहून जुनी आहे हे तो 'इन्स्टिट्यूट्स' या आपल्या मुख्य ग्रंथात स्वतः कबूल करतो. मोनिकाचं नावही घेतो. आणि म्हणतो, ती एका म्हातारीची इच्छा होती. मुलाने ती शास्त्रावर तपासून पाहिली नाही, मायेपोटी ती इतरांनाही पटावी असं त्याला वाटलं.

जोसेफ, हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं. शास्त्राची कसोटी हा त्याचा मुद्दा मला मान्य आहे, त्याच मुद्द्यावर मी वाढलोय. पण मरणाऱ्या आईचं शेवटचं मागणं त्याने असं एका शब्दात बाजूला सारावं, हे मला झोंबलं. तुझी आई डोळ्यांसमोर होती म्हणून असेल. तरी एक मानावं लागेल: पूर्वजांचं, म्हणजे पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लेखकांचं, आपल्याला अनुकूल तेवढं घेऊन बाकीचं लपवायचं, असं त्याने इथे केलेलं नाही. ते असं करत होते, मी करणार नाही, असं तो सरळ सांगतो.

वडील पाळक होते हे तुला माहीतच आहे. ते धर्मसुधारणा समजावून सांगायचे तेव्हा जुन्या देवळाच्या भिंतीचं उदाहरण द्यायचे. चुन्याचे थरावर थर चढलेले, ते खरवडले की खालचं मूळचं दगडी काम दिसतं. मीही मुलांना शिकवताना तेच उदाहरण वर्षानुवर्षं दिलं. आता ते पुरं वाटत नाही. सुधारकांनी खरवडलेल्या काही गोष्टी चुन्याच्या नव्हत्याच, जुन्या दगडाच्याच होत्या.

टर्टुलियन हा लेखक बघ. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा, इ.स. २११ च्या सुमाराचा. सैनिकाच्या मुकुटावर लिहिलेल्या छोट्या पुस्तकात तो सांगतो की आम्ही मृतांसाठी दर वर्षी त्यांच्या दिवशी अर्पण करतो. म्हणजे ऑगस्टीनच्याही जवळजवळ दोनशे वर्षं आधी. पण लगेच पुढे तो म्हणतो, अशा रीतींसाठी शास्त्रातलं वचन मागाल तर मिळणार नाही. परंपरेने त्या दिल्या, वहिवाटीने पक्क्या केल्या आणि विश्वासाने पाळल्या. हा उतारा मी पुनःपुन्हा वाचला. चाल जुनी आहे हा तुझा मुद्दा त्यात आहे. तिला लिखित वचनाचा आधार नाही हा कॅल्विनचा मुद्दाही त्याच पानावर आहे. भांडण मग साक्षीबद्दल उरतच नाही. वहिवाटीला किती मान द्यायचा, एवढंच उरतं.

तू म्हणशील, वचन आहे की, मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात, बाराव्या अध्यायात. आहे खरं. पण तो ग्रंथ तुझ्या त्र्याहत्तर पुस्तकांच्या बायबलमध्ये आहे, माझ्या सहासष्टांच्या बायबलमध्ये नाही. यावरही पूर्वजांचं एकमत नव्हतं. बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने हिब्रू यादीला धरून असे ग्रंथ वेगळे काढले, ऑगस्टीनने ते धरले. सुधारक इथे जेरोमच्या मागे गेले. एकाच पिढीतल्या दोघा पूर्वजांपैकी एकाला निवडलं, तर ते पहिल्या मंडळीशी जुळलं म्हणायचं की नाही? मला वाटतं, म्हणता येतं, पण दबक्या आवाजात.

आता कृपेचा विषय, देव माणसाला नीतिमान कसा ठरवतो हा, ज्यासाठी सगळी उलथापालथ झाली. तिथे ल्यूथर, ज्याच्यापासून धर्मसुधारणा सुरू झाली तो, एकटा नव्हता. मरणाच्या आदल्या वर्षी, १५४५ मध्ये, आपल्या लॅटिन ग्रंथांच्या प्रस्तावनेत त्याने लिहिलंय की 'देवाचं नीतिमत्त्व' म्हणजे देव ज्याने आपल्याला नीतिमान ठरवतो ते, हा अर्थ उमगल्यावर त्याने ऑगस्टीनचं 'आत्मा आणि अक्षर' हे पुस्तक वाचलं आणि अनपेक्षितपणे तिथेही तोच अर्थ सापडला. तो आनंद त्या ओळींत अजून जाणवतो. पण तिथेच तो हेही नोंदवतो की ऑगस्टीनचं म्हणणं अजून अपुरं आहे, नीतिमत्त्व आपल्या खाती कसं धरलं जातं हे तो स्पष्ट करत नाही.

हा फरक आपल्या मराठीत चटकन कळतो. माझ्या बायबलात 'नीतिमान ठरणे' असं येतं, न्यायालयात निकाल लागावा तसं. ऑगस्टीनच्या लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ 'नीतिमान करणे' असा होतो. देव माणसाला आतून बदलतो, आजारी माणूस बरा व्हावा तसा. दोन्ही अर्थांत कृपा फुकटच मिळते, आपल्या कमाईने नाही. पण ठरणं आणि होणं एक नाही. ल्यूथरचा सहकारी मेलँक्थॉन याला हे पक्कं ठाऊक होतं. १५३१ मध्ये ब्रेंझ या मित्राला त्याने पत्रात कळवलं की ऑगस्टीन पौलाच्या म्हणण्यापर्यंत पुरता पोचत नाही, तरी लोकांच्या मनात त्याचं स्थान मोठं आहे म्हणून मी त्याला संपूर्ण आपल्या बाजूचा म्हणून दाखवतो. हे मी वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं. मेलँक्थॉनवर माझं प्रेम आहे. मित्राला खरं सांगायचं आणि लोकांसमोर वेगळं, हे त्याने करायला नको होतं.

झुरिकचा सुधारक झ्विंग्ली त्यापेक्षा रोखठोक. पहिल्या शतकांतले लेखक बाप्तिस्म्याच्या पाण्यात नवा जन्म मिळतो असं एकमुखाने म्हणतात. तुम्ही स्नानसंस्कार म्हणता तेव्हा तुमच्या शब्दातच ते ऐकू येतं. ल्यूथरने हे सोडलं नाही. झ्विंग्लीने सोडलं, आणि १५२५ मध्ये लिहून टाकलं की या बाबतीत प्रेषितांच्या काळापासूनचे सगळे गुरुजन चुकले आहेत. सगळे! हे धाडस मला झेपत नाही. पंधराशे वर्षांतल्या एकालाही कळलं नाही आणि मला कळलं, असं म्हणण्याआधी माणसाने फार काळ गुडघ्यावर बसायला हवं.

इच्छास्वातंत्र्याचंही तसंच. जस्टिन, इरेनियस, क्रिसोस्टम हे पूर्वज सगळे माणसाच्या निवडीवर भर देतात. कॅल्विन म्हणतो, ऑगस्टीन सोडला तर या विषयावर बाकीचे इतकं गोंधळाचं लिहितात की त्यातून नक्की काही हाती लागत नाही. दुसऱ्या शब्दांत, ते त्याच्या बाजूचे नाहीत.

पण सुधारकांना पूर्वज माहीतच नव्हते असं कुणी म्हणालं तर ते मला पटणार नाही. १५३६ च्या ऑक्टोबरात लोझानच्या वादसभेत हाच कॅल्विन उभा राहिला, सत्तावीस वर्षांचा, आणि हातात पुस्तक न घेता सिप्रियन, टर्टुलियन, क्रिसोस्टम, ऑगस्टीन यांचे उतारे घडाघडा सांगत गेला. नायसिया आणि काल्सेदोनच्या परिषदांनी त्रैक्याबद्दल आणि ख्रिस्ताच्या दोन स्वभावांबद्दल जे ठरवलं, ते मुख्य सुधारकांनी जसंच्या तसं धरलं. आणि ऑगस्टीननेच जेरोमला लिहिलं होतं की शास्त्राचे ग्रंथ तेवढे मी निर्दोष मानतो. बाकी कुणी कितीही पवित्र असो, त्याला तसं वाटलं एवढ्यावरून मी ते खरं मानत नाही. ल्यूथरचा या पत्रावर फार जीव. पूर्वजांपासून वेगळं होण्याची मुभा त्याला पूर्वजाकडूनच मिळाली होती.

सुधारकांच्या फळीवर कोणती पुस्तकं होती, हेही ध्यानात घ्यायला हवं. इरेनियस पहिल्यांदा छापला गेला १५२६ मध्ये, इरॅस्मस या विद्वानाच्या हातून. पहिल्या मंडळीतल्या रोमच्या क्लेमेंटचं करिंथकरांना पत्र छापलं गेलं १६३३ मध्ये, म्हणजे ल्यूथर जाऊन ८७ वर्षं झाल्यावर. त्यात क्लेमेंट लिहितो की आपण नीतिमान ठरतो ते आपल्या शहाणपणाने किंवा पवित्र मनाने केलेल्या कामांनी नाही, विश्वासाने. ल्यूथरला हे मिळालं असतं तर! (दोनच अध्याय आधी 'कामांनी नीतिमान ठरू या, शब्दांनी नको' असंही आहे, तेही त्याला वाचावं लागलं असतं.) उलट इग्नाटियस या तितक्याच जुन्या बिशपाची पत्रं त्या काळी बनावट पत्रांच्या भेसळीसकट मिळत. कॅल्विनने त्या संग्रहाची घाणेरड्यात घाणेरडी बाष्कळ बडबड म्हणून संभावना केली. अस्सल पत्रं वेगळी निघाली १६४४ नंतर. त्यांत प्रभुभोजनातली भाकर तारणाऱ्याचं मांस आहे हे न मानणाऱ्यांना इग्नाटियस बजावतो आणि बिशपाशिवाय मंडळीत काही करू नका असं सांगतो. हे कॅल्विनला जड गेलं असतं.

आता तुलाही एक सांगायचंय, रागावू नकोस. टर्टुलियनचं अर्पण आणि मोनिकाचं मागणं जुनं आहे, पण त्यावरून १५१७ च्या विटेनबर्गजवळ विकली जाणारी क्षमापत्रं, म्हणजे पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ केल्याचे कागद, जुनी ठरत नाहीत. मृत्यूनंतरच्या शुद्धीबद्दल खुद्द ऑगस्टीन 'असं काही असणं अविश्वसनीय नाही' इतकंच बोलतो. शुद्धिस्थानाची, म्हणजे मृतात्मे शुद्ध होतात त्या अवस्थेची, शिकवण ठरावाने पक्की झाली तेराव्या आणि पंधराव्या शतकांत, लियों आणि फ्लॉरेन्सच्या परिषदांत. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स मंडळी, आपल्या केरळातलीसुद्धा, मृतांसाठी मनापासून प्रार्थना करते, पण शुद्धिस्थान मानत नाही. ल्यूथरने हात घातला तो मुख्यतः क्षमापत्रांच्या त्या हिशेबाला. त्या रागात आईबापांची वेदीपाशी होणारी आठवणही आमच्याकडून निसटली, ही आमची हानी झाली असं मला आता वाटतं.

ल्यूथरकडून मात्र ती पुरती निसटली नव्हती. शेवटी सापडलं ते हेच. १५२८ मध्ये प्रभुभोजनावरच्या मोठ्या ग्रंथाच्या अखेरीस तो आपला विश्वास कलमवार मांडतो. तिथे म्हणतो, मृतांबद्दल शास्त्र काही सांगत नाही, म्हणून मोकळ्या मनाने अशी प्रार्थना करणं मी पाप मानत नाही: 'प्रिय देवा, हा जीव अशा अवस्थेत असेल की त्याला साहाय्य करता येईल, तर त्याच्यावर दया कर.' हे एकदा किंवा दोनदा केलं की पुरे.

काल रात्री घरातले झोपल्यावर मी त्याच शब्दांत आईचं नाव घेतलं. आज पहाटे पुन्हा घेतलं. एकदा, दोनदा झालं. उद्याही घेईन असं वाटतं.

नाताळच्या सुट्टीत येतोय. स्टेशनवरून आधी कबरस्थानात जाऊ, मग घरी. मेणबत्त्या मी आणतो.

तुझा,
प्रभाकर