मानवी हक्कांचा धडा लेकरं गावात असताना शिकवा

महोदय,

दरवर्षी १० डिसेंबरला शाळांमध्ये मानवी हक्क दिन होतो. निबंधस्पर्धा होते, संविधानाची उद्देशिका वाचली जाते. १९४८ साली याच तारखेला संयुक्त राष्ट्रांनी जाहीरनामा मंजूर केला, त्यामुळे तारखेला माझा आक्षेप नाही. पण आमच्या बीड जिल्ह्यात त्या दिवशी वर्गात कोण असतं? दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही लेकरं आजीपाशी, हंगामी वसतिगृहाच्या आधारानं मागं राहतात. बाकीची आईबापांबरोबर सांगली-कोल्हापूरकडं, नाहीतर पार कर्नाटकात. २० नोव्हेंबरचा बालहक्क दिनही असाच त्यांच्या मागं होऊन जातो.

ही लेकरं परत येतात उन्हाळ्यात. म्हणून माझी विनंती आहे की हा विषय जून ते सप्टेंबरमध्ये शिकवावा. आणि शिकवायचा तर त्यांच्या कामी येईल असा. गेल्या हंगामात आमच्या गावच्या एका पोराला साखर कारखान्याजवळच्या शाळेत ‘आधी शाळा सोडल्याचा दाखला आणा’ म्हणून परत पाठवलं. तो उरलेला हंगाम खोपीवर धाकट्या बहिणीला सांभाळत बसला. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं त्याच्या कलम ५ मध्ये लिहिलंय. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही, ते कलम १४. ही दोन कलमं त्या पोराला आणि त्याच्या बापाला माहीत असती, मुख्याध्यापकांच्या नावानं चार ओळींचा अर्ज लिहिता आला असता, तर ते दाराशी थांबून बोलू शकले असते. आमच्या पोरांना ‘माझी सहल’ लिहिता येते, अर्ज येत नाही.

मुलींचं तर याहून अवघड आहे. टोळी नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. त्यात पोरीला मागं ठेवायचं कुणाच्या भरवशावर, ही आईची काळजी खोटी नाही. त्यातून नववी-दहावीतली लग्नं उरकली जातात, आणि शिक्षण हक्काचा कायदा तर चौदाव्या वर्षालाच थांबतो. तेव्हा आठवीच्या वर्गातच मुलींना सांगायला हवं की १८ च्या आत लग्न लावणं हा २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, गावचा ग्रामसेवकच (आता ग्रामपंचायत अधिकारी) बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर रात्री-अपरात्रीही फुकट लागतो. ऐकून भागणार नाही. वर्गातच एकदा फोन लावल्यासारखं बोलून घ्यावं: नाव काय सांगायचं, गाव कोणतं, काय घडतंय. घाबरलेल्या पोरीच्या तोंडून ऐनवेळी शब्द फुटत नाही.

छडी आणि अपमान यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे, हेही याच तासाला सांगावं. काही शिक्षकांना ते जड जाईल, पण ज्या वर्गात पोरगं मार खातं तिथं हक्कांचा धडा त्याला खरा वाटणार नाही.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागानं टोळ्या निघायच्या आधी प्रत्येक शाळेत असा एक आठवडा ठेवावा, त्यात पालकांनाही बोलवावं, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक लेकराच्या हातात शिक्षण हमी कार्डाबरोबर (दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचं कार्ड) ही कलमं छापलेला एक कागद द्यावा. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मी हा विषय मांडला आहे. बाकीच्या गावांतल्या पालकांनीही मांडावा.

आपली,
एक आई, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य
ता. वडवणी, जि. बीड