‘नाऊ, इन अ मिनिट’

स्वान्सी, वेल्स
9 नोव्हेंबर 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोन आला की आईचा पहिला प्रश्न ठरलेला, “तिकडं किती वाजले?” तर आई, आता मार्च संपेपर्यंत साडेपाच तास धर. उन्हाळ्यात साडेचार होते. 26 ऑक्टोबरच्या पहाटे इथे घड्याळं एक तास मागे घेतली. दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घेतात. त्या रात्री मी ड्यूटीवर होते. दोन वाजायची वेळ आली आणि पुन्हा एक वाजला. आठ नंबरच्या आजोबांचं बीपी मी दीडला लिहिलं, आणि तासाभराने परत लिहिलं तेही दीडलाच! शेवटी शेजारी ‘पहिला दीड’, ‘दुसरा दीड’ असं लिहून ठेवलं. आता दुपारी साडेचारलाच अंधार पडतो. दिवेलागणीला तू देवाजवळ दिवा लावतेस, तेव्हा माझं जेवण व्हायचं असतं.

पण लिहायचं होतं ते बोलण्यातल्या वेळेबद्दल. बाबा, हे खास तुमच्यासाठी.

इंग्रज माणूस वेळेचा पक्का, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. घड्याळाच्या वेळेला पक्का आहेच. बोलण्यात मात्र काही विचारू नका. माझ्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. सिस्टरबाईंना चावी मागितली, तर म्हणाल्या, “नाऊ, इन अ मिनिट.” आत्ता, एका मिनिटात. आता की मिनिटाने? मी हात पुढे करून उभी, आणि बाई निघून गेल्या. चावी मिळाली वीस मिनिटांनी. पुढे कळलं की हे दक्षिण वेल्सचं खास बोलणं आहे, इथले लोक स्वतःच त्यावर हसतात. वॉर्डातली दक्षिण आफ्रिकेची मैत्रीण म्हणते, तिच्याकडे ‘जस्ट नाऊ’ म्हणजे कधीतरी नंतर, आणि खरंच लवकर हवं असेल तर ‘नाऊ’ दोनदा म्हणायचं, ‘नाऊ नाऊ’. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, ‘ड्रेकली’ म्हणतात. मूळ शब्द डायरेक्टली, म्हणजे तडक. अर्थ मात्र ‘होईल सवडीने’.

मला स्टँडवरची तुमची चौकशीची खिडकी आठवली. शाळा सुटल्यावर मी तुमच्या स्टुलावर बसून गृहपाठ करायची आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी जाळीतून विचारायचं, “फलटण कधी?” तुम्ही म्हणायचात, “येईल एवढ्यात.” एकदा मी विचारलं होतं, एवढ्यात म्हणजे किती? तुम्ही पेन कानावर ठेवून म्हणालात, “एवढ्यात म्हणजे माणसानं स्टँड सोडून जाऊ नये, एवढा वेळ. ‘जरा वेळ आहे’ म्हणजे चहा पिऊन या. ‘अजून निघाली नाही’ म्हणजे जेवून या.” तेव्हा मला ती चेष्टा वाटली होती. इथे तीच किल्ली लावली आणि निम्मं इंग्रजी उलगडलं. ‘नाऊ, इन अ मिनिट’ म्हणजे तुझं ऐकलंय, पण हात पसरून उभी राहू नकोस. ‘ॲट सम पॉइंट’ म्हणजे वाट बघू नकोस. आणि सिस्टरबाई गोड आवाजात “तुला सवड झाली की, घाई नाही हं” म्हणाल्या, की हातातलं टाकून पळायचं.

सवडीने वाचनालयात शब्दकोश चाळला. त्यांचा ‘सून’ हा शब्द हजार वर्षांपूर्वी ‘तत्काळ’ या अर्थाने वापरत. ‘प्रेझेंटली’चंही तेच, आता त्याचा अर्थ ‘थोड्या वेळाने’. लोक ‘लगेच’ म्हणत राहिले आणि उशिरा येत राहिले, बिचारा शब्दच दमून मागे पडला. ‘मोमेंट’ तर मध्ययुगात मोजमापच होतं, तासाचा चाळिसावा भाग, म्हणजे दीड मिनिट. आपण तरी काय, “घटकाभर टेका” म्हणतो तेव्हा घटकेची 24 मिनिटं कोण मोजतं? आणि “आलोच” म्हणून कोपऱ्यावर गेलेले काका दिवाळीच्या फराळाला सापडले होते, हे आईला आठवत असेल.

मी एकदा याच शब्दांत फसले, तेही लिहिते. तेव्हा हसू आलं नव्हतं.

मागच्या महिन्यात एक म्हातारे शेतकरी दाखल झाले. कार्मार्थेनकडचे, मेंढ्या आणि थोड्या गाई. सारखी झोप येते, डोकं दुखतं, बोलताना शब्द अडकतो. कपाळावर पिवळट पडत चाललेला डाग. विचारलं, पडलात का? म्हणाले, “हो गं पोरी, गोठ्यात पाय घसरला, द अदर डे.” माझ्या डोक्यात त्याचं आपोआप ‘परवा’ झालं. आपला परवा तर किती लवचीक! परवा भेटला होता, तो महिन्यापूर्वीही असतो. उद्याच्या पलीकडचा दिवसही परवाच. पण त्या घाईत मी अगदी पंचांगातला परवा धरला आणि कागदावर लिहिलं, दोन दिवसांपूर्वी.

रात्री त्यांची बायको आली. दोघं वेल्शमध्ये बोलत होती. मला ओ की ठो कळत नव्हतं, पण म्हाताऱ्याच्या तोंडी एक शब्द दोनदा आला, ‘बिथेवनोस’, आणि बाईंनी मान डोलावली. का कोण जाणे, मी विचारलं, हे काय म्हणाले? त्या म्हणाल्या, “पडल्याला पंधरवडा होत आला, असं म्हणतायत. जनावरांच्या बाजाराच्या आदल्या दिवशीची गोष्ट.” मी चाटच पडले. हे आजोबा रक्त पातळ होण्याची गोळी घेणारे. अशा माणसाच्या डोक्याला साधा मार लागला तरी कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत राहू शकतं आणि त्रास कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी दिसायला लागतो. दोन दिवस आणि बारा दिवस यांत म्हणूनच फरक पडतो. लगेच डॉक्टरांना सांगितलं, माझी चूक कागदावर खोडून सही केली. स्कॅन त्याच रात्री झाला. साचलेलं रक्त वेळेत काढलं, आजोबा आता घरी आहेत. पण माझे हात बराच वेळ गार होते.

डॉक्टर-नर्सपुढे, इंग्रजीत, तो माणूस सभ्यपणाने ‘द अदर डे’ म्हणाला. काय म्हणून एवढ्याशा पडण्याचा बाऊ करायचा! बायकोजवळ, घरच्या भाषेत, त्याने दिवस मोजून सांगितला. आता मी कुणालाच ‘कधी’ एवढं विचारून थांबत नाही. रविवारच्या आधी की नंतर? पेन्शन आणली त्याच्या आधी? गावाकडचा माणूस खिडकीशी आला की तुम्हीही असंच विचारायचात, “बाजारच्या गाडीनं आलावता का?”

आता गंमत ऐका. तो शब्द मी त्या बाईंकडून लिहून घेतला. मूळ शब्द ‘पिथेवनोस’, वाक्यात प चा ब होतो. ‘पिम्थेग’ म्हणजे पंधरा आणि ‘नोस’ म्हणजे रात्र, दोन्ही आटून झालेला हा शब्द. इंग्रजीतला ‘फोर्टनाइट’ चौदा रात्रींचा, वेल्शांचा पंधरा रात्रींचा, आणि आपलाही पंधरवडा! एवढ्यावर थांबलं नाही. त्यांचा आठवडा म्हणजे ‘विथनोस’. ‘विथ’ म्हणजे आठ. आठवडा! सोमवार ते सोमवार, दोन्ही टोकं धरून मोजायचं. मी बोटांवर मोजून त्या बाईंना दाखवलं, आमच्या भाषेतही आठच म्हणतात. त्या इतक्या खूश झाल्या की दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेल्श केक घेऊन आल्या. तव्यावर भाजतात, बेदाणे घातलेले. आई, तुला आवडतील, साखर मात्र जरा जास्त.

इंग्रजांची आमंत्रणं मला अजून नीट कळत नाहीत. “तू एकदा जेवायला यायलाच हवंस” म्हणतात, मी हो म्हणते, आणि वर्ष जातं. आपल्याकडे “या ना एकदा घरी” म्हणतात तसंच असणार, पण आपल्याकडचं खरं-खोटं चेहऱ्यावर वाचता येतं. इथे तारीख बोलले तरच खरं धरायचं, असं मी ठरवलंय. तारखेतही फसगत आहेच. ‘फ्रायडे वीक’ म्हणजे येता शुक्रवार सोडून पुढचा. त्यापायी एका मैत्रिणीकडे मी आठवडाभर आधीच पोचले. बिचारीने अंडं-टोस्ट करून वाढला.

आता आईचा खरा प्रश्न, “कधी येतेस?” मी इतके दिवस ‘लवकरच’ म्हणत आले, आणि ‘लवकर’चं काय होतं ते वर लिहिलंच आहे. फेब्रुवारीत 20 दिवसांची रजा मागितली आहे. वरिष्ठ बाई म्हणाल्या, “लीव्ह इट विथ मी.” माझ्यावर सोड. बाबा, तुमच्या भाषेत हे ‘अजून निघाली नाही’. म्हणून गूळपोळीची तयारी आत्ताच करू नका. तारीख हातात पडली की त्याच दिवशी कळवते.

आणि आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ‘पुढच्या आठवड्यात’ असं दादाने लिहिलंय. तो मेसेज शुक्रवारचा. तेव्हा उद्यापासूनचा आठवडा की त्याच्या पुढचा? वार आणि तारीख आकड्यात कळवायला सांगा. त्या दिवशी मी रात्रपाळी बदलून घेते, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी फोन माझ्या हातात राहील.

आजीला नमस्कार, दादाच्या पोरांना पापा.

तुमची,
सुनी