पंप बदलायच्या आधी प्रेशर तर बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात हल्ली ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून वाचकांची पत्रं येतायत, कुणाचं अ‍ॅव्हरेज पडलं, कुणाची गाडी सकाळी चालू होईना. माझाही अनुभव त्याच वळणाचा आहे, पण माझी तक्रार पेट्रोलवर कमी आणि न तपासता पार्ट बदलायला सांगणाऱ्यांवर जास्त आहे.

मी वाईचा, कामाला शिरवळ एमआयडीसीत. गाडी १६० सीसीची, २०२१ची, म्हणजे प्रदूषणाच्या बीएस-६ नियमातली, एफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारी). सकाळी जाताना बोगदा आणि संध्याकाळी येताना खंबाटकी घाट. गेल्या उन्हाळ्यात गाडीला एक विचित्र खोड लागली. सकाळी एकदम गुणी, काही म्हणजे काही त्रास नाही, आणि संध्याकाळी घाट चढायला लागलो की दोन-तीन वळणं झाल्यावर गचके द्यायला सुरुवात, अ‍ॅक्सिलरेटर जेवढा पिळावा तेवढी जास्त मरायची आणि शेवटी बंद. मागे कंटेनर, बाजूला कठडा, आपण गाडी ढकलत कडेला. पंधरा मिनिटं थांबलं, टाकीवर ओलं फडकं टाकलं की परत चालू, जसं काही झालंच नव्हतं.

सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला आणि म्हणाले, "सर, एकही कोड नाही, गाडी ओके आहे." तरी प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर क्लीनिंग केलं, २३०० रुपये. तिसऱ्या दिवशी परत घाटात उभा. दुसऱ्यांदा नेली तर बॅटरी वीक आहे म्हणाले, ती बदलली. तिसऱ्यांदा म्हणाले, "सर, ई-२० मुळे फ्युएल पंप गेला असणार, अख्खी असेंब्ली टाकावी लागेल, साडेसहा हजार अधिक लेबर." मी म्हटलं कशावरून? तर म्हणे हल्ली सगळ्यांचे तेच जातायत.

घरी येऊन पंप गेलाय म्हटलं तर आईनं विचारलं, "विहिरीवरचा का रे?" तिला टाकीच्या आत एक करंगळीपेक्षा थोडी जाड मोटर असते, ती पेट्रोलात बुडून चालते, हे समजावताना माझंच हसं झालं. आमच्या आधीच्या गाडीला कार्ब्युरेटर होता, पेट्रोल आपलं आपण खाली उतरायचं, फार तर कॉक रिझर्व्हला फिरवायचा नाहीतर पाइप काढून फुंकायचा. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि बहुतेक बाइकमध्ये हा पंप आला, पण तो तपासायचा कसा हे गिऱ्हाइकाला कुणी सांगितलंच नाही.

शेवटी गावातल्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी स्कॅनर वगैरे काही काढलं नाही. हँडलवरचा किल स्विच 'रन'वर, चावी ऑन, आणि टाकीला कान लावला. चावी फिरवल्यावर पंप दोन-तीन सेकंद उंऽऽ करतो आणि गप्प होतो, लाइनमध्ये प्रेशर भरून घेतो. हा आवाज आलाच नाही तर लगेच पंपावर जायचं नाही, आधी फ्यूज, मग रिले, मग कनेक्टर. आमच्या शेजारच्या पोरानं नेमकं इथंच सहा हजार घालवले, नवीन पंप टाकूनही गाडी चालू होईना, नंतर बघितलं तर कनेक्टरची पिन हिरवी पडलेली, पंपापर्यंत करंटच जात नव्हता.

माझ्या पंपाचा आवाज येत होता पण रडका. मिस्त्रींनी मल्टिमीटर लावला, बॅटरीला साडेबारा आणि पंप चालू असताना त्याच्या पिनला बारा, म्हणजे वायरिंग ठीक. मग त्यांनी पंपाच्या पाइपमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) घालून प्रेशर गेज लावला. थंड गाडीत काटा तीन बारला (बार हे प्रेशरचं माप), एकदम बरोबर. मी म्हटलं झालं, पंप चांगला. ते म्हणाले, "काका, घाई नको, हिला घाट चढू द्या." गाडी मधल्या स्टँडवर उन्हात वीस-पंचवीस मिनिटं चालू ठेवली, मधूनमधून रेस करत, आणि आमच्या डोळ्यांदेखत काटा अडीचवर, मग दोनवर, मग त्याच्याही खाली, आणि तिथं तोच ओळखीचा गचका! दीड महिना जो आजार घाटात दिसत होता तो अंगणात दिसला.

आता स्कॅनरला हे का कळलं नाही? कारण माझ्या गाडीत पेट्रोलच्या लाइनवर प्रेशर मोजणारा सेन्सरच नाही, आणि बहुतेक कम्यूटर बाइकमध्ये नसतो. ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, धरूनच चालतो की प्रेशर पुरेसं आहे आणि त्या हिशोबानं इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. प्रेशर पडलं की तेवढ्याच वेळात पेट्रोल कमी जातं. सपाटीला हे खपून जातं, चढाला इंजिन जास्त मागतं तिथं उघडं पडतं. म्हणजे कोड नाही म्हणून गाडी ओके, हे म्हणणं थर्मामीटरनं हाडाचं फ्रॅक्चर बघण्यासारखं आहे.

बदलायचं काम मी शेजारी बसून बघितलं. मोकळ्या अंगणात, पंपाचं कनेक्टर काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं म्हणजे पाइपातलं प्रेशर उतरतं, मग बॅटरीची निगेटिव्ह काढली, पेट्रोल कॅनमध्ये रिकामं केलं, पाइप सोडताना वर फडकं धरलं. बिडी ओढत बघायला आलेल्या एका गृहस्थाला मिस्त्रींनी जे शब्द वापरून हाकललं ते इथं लिहिता येणार नाहीत. पंप बाहेर आला तर खालची पेट्रोल गाळायची जाळी चहाच्या जुन्या गाळणीसारखी काळी चिकट. आधी नुसती जाळी बदलून, सगळं परत बसवून गेज बघितला, कारण जाळी तुंबली तरी हेच होतं. काटा तरी ढळलाच, मग मोटर बदलली. ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी रिंग) मात्र त्यांनी जुनी घातली नाही, पेट्रोलात फुगलेली रिंग परत खाचेत बसत नाही म्हणे. फ्लोटचा, म्हणजे पेट्रोल किती ते दाखवणाऱ्या तरंगत्या तुकड्याचा दांडा वाकू न देता आत घातलं, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, आणि चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करून कुठं ओल दिसते का ते बघितलं. मोटर, जाळी, रिंग आणि मजुरी धरून १९०० रुपये.

ई-२० मुळे झालं का? असेलही. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाला बसतात आणि पंप तळातूनच ओढतो. माझी गाडी २०२१ची, ई-२० साठीचं मटेरियल एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत आलं. पण मीही काही कमी नाही, पाच वर्षं शंभर-शंभरचं पेट्रोल टाकत, काटा लुकलुकत असताना घाट चढलोय, आणि ती मोटर गार राहते ती भोवतीच्या पेट्रोलामुळंच. मिस्त्रींनी हे तोंडावर सांगितलं.

माझी मागणी एवढीच की, कंपन्यांनी मोटर आणि जाळी सुटी विकायला ठेवावी, अख्ख्या असेंब्लीची सक्ती नको. आणि पंप बदलायला सांगण्याआधी जॉब कार्डवर पिनला किती व्होल्ट आणि गरम गाडीत किती बार हे दोन आकडे गिऱ्हाइकासमोर लिहावेत. हा गेज काही फार महागडं यंत्र नाही, आमच्या मिस्त्रींकडे तो ग्रीसनं माखलेल्या डब्यात पडलेला असतो.

जुनी मोटर मी मागून आणलीय, खिडकीत ठेवलीय. आईनं विचारलं हिला विहिरीवर लावता येईल का.

आपला,
एक नियमित वाचक, वाई (जि. सातारा)