सभासदांची यादी कोणाच्या हाती?

महोदय,

कामगार संघटनेच्या निवडणुकीत पदाधिकाऱ्यांकडे सभासदांची यादी असते आणि विरोधी उमेदवाराच्या वाट्याला पायपीट येते, ही विषमता अमेरिकेने 1959 च्या कायद्यात ओळखली. उमेदवाराने वाजवी विनंती केल्यास त्याचे प्रचारपत्रक, त्याच्याच खर्चाने, सभासदांना पाठविणे तेथे संघटनेवर बंधनकारक असून यादीच्या वापरात भेदभाव करण्यास मनाई आहे. यादी प्रत्यक्ष पाहण्याचा हक्क मात्र मतदानापूर्वीच्या 30 दिवसांत एकदाच, तोही सभासदत्व ही नोकरीची अट असलेल्या कामगारांपुरता मिळतो. नक्कल करून घेण्याचा हक्क नाही. आपल्याकडे 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याच्या कलम 20 ने सभासदाला यादी पाहू दिली, परंतु वेळ ठरविणे संघटनेच्या नियमांवर सोडले. पत्ते गोपनीय राहावेत, हे मान्यच. पण पत्रके पोहोचविण्याची तरतूद आपल्या संघटनांनी स्वतःहून घटनेत का घालू नये?

– एक कामगार सभासद, ठाणे